शुक्तिद्वीपाचा महाकाय

शिशिरातली धूसर, धवल पहाट. धुक्याचा पदर ओढून समुद्र निपचित पडला होता आणि त्या धुक्यात, कमरेइतक्या पाण्यात, तो उभा होता. पर्वतस्कंध, मेघकेश, मितभाषी महाकाय.

शुक्तिद्वीपाची राणी मृण्मयी तटावरून त्याच्याकडे पाहत होती. मूठभर बेट, मूठभर माणसं, आणि शत्रूचं आरमार निघाल्याची वार्ता. महाकाय न बोलावता आला होता. साह्य करीन म्हणाला. मोबदला मात्र मागितला नाही. तेच तिला सलत होतं. जो काहीच मागत नाही तो सारंच घेऊन जातो, असं तिचे वडील म्हणत.

म्हणून तटावर धनुर्धर होते. मुखं समुद्राकडे, नजरा त्याच्या पाठीवर. तो बेटाकडे वळला तर बाण सोडा, असं तिनं बजावलं होतं.

सूर्य उगवला तो शिडांच्या आडून. रक्तवर्ण शिडं, कृष्णवर्ण शिडं, शिडांमागे शिडं. महाकायानं बाहू पसरले आणि अथांग पाणी लोटलं. नौका नौकांवर आदळल्या, डोलकाठ्या कडाडल्या. अग्निबाणांनी त्याची छाती फुलली, पळसासारखी. तो ढळला नाही.

तेवढ्यात खवळलेल्या पाण्यातून एक उत्तुंग लाट उठली आणि बेटाकडे धावली. तिच्याआधी किनारा गाठायला महाकाय वळला.

बाण सुटले.

तो तसाच आला. धक्क्याशी गुडघे टेकून, बाहूंत वस्ती घेऊन ओणवला. लाट त्याच्या पाठीवर फुटली. किनाऱ्यावरच्या होड्या नुसत्या डुलल्या. उरलीसुरली शिडं माघारी फिरली.

जयघोष कुणी केला नाही. मृण्मयी एकटीच पाण्यात उतरली. त्याच्या छातीत शत्रूचे जळके बाण होते. खांद्यात तिचे, बगळ्याच्या पिसांचे, शुभ्र.

"तू वळलास," ती म्हणाली. "मला वाटलं..."

"ठाऊक होतं. धनुष्यं ताणल्याचा आवाज सकाळपासून येत होता."

"तरी वळलास?"

"लाट थांबणार नव्हती."

ती एकेक बाण उपसू लागली. याला हवंय तरी काय, हा प्रश्न अजूनही मनात फणा काढून होता. पण हात थांबत नव्हते.

त्याचं रक्त उष्ण होतं. शिशिराच्या गार पाण्यात ते तिच्या कमरेभोवती पसरत राहिलं, मंद, लाल, निःशब्द. आणि भरती ते रक्त हळूहळू, हळूहळू, बेटाच्या वाळूपर्यंत घेऊन गेली.