लांबलेली प्रार्थना

प्रार्थना चालू असताना रंगरावांनी डावा डोळा उघडला.

ख्रिस्ती मंडळीच्या पंचाने असे करायचे नसते. सगळ्या मंडळीने डोळे मिटायचे, माना खाली घालायच्या आणि पुढे उभा असेल त्याने सर्वांच्या वतीने देवाशी बोलायचे, हा उपासनेचा शिरस्ता. रंगराव गेली अकरा वर्षे हे बोलणे बोलत होते. आधी नगरकडे गावी आणि आता दोन वर्षे इथे पिंपरीला. त्यामुळे त्यांची जीभ आपली आपण चालत असे. सरकारसाठी, पावसापाण्यासाठी, आजाऱ्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी. जीभ चालत होती आणि उघडलेला डोळा शेडच्या मागच्या बाजूला लागला होता.

ती बाई आजही आली होती.

सिमेंटच्या पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून, पदर नाकापर्यंत ओढून ती बसली होती. शेजारी दुधाची रिकामी चरवी. हा तिचा पाचवा रविवार. पहिले गायन सुरू झाले की ती यायची आणि शेवटचे संपायच्या आत उठून चालती व्हायची. ती गात नव्हती, कुणाला सलाम करत नव्हती आणि काही मागतही नव्हती. हे न मागणेच रंगरावांना जास्त खुपत होते. मागायला आलेल्या माणसाला काय हवे ते तरी कळते. हिला काय हवे होते?

रंगराव जन्माचे संशयी नव्हते, पण झाले होते. गावी असताना एक गोड गळ्याचा गृहस्थ मंडळीत आला, बाप्तिस्मा घेतला, सहा महिने सगळ्यांच्या पुढे उभा राहून गायला आणि एका सकाळी मंडळीची बाजाची पेटी घेऊन नाहीसा झाला. त्याची शिफारस रंगरावांनीच केली होती. तेव्हापासून नवा माणूस दिसला की त्यांची नजर आधी त्याच्या हाताकडे जाई.

आणि आताची भीती पेटीपेक्षा मोठी होती. पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना उठत होता आणि त्याच्या बांधकामावर नगर जिल्ह्यातून आलेली अकरा ख्रिस्ती कुटुंबे होती. पुण्याचे पाळक महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे तीन रविवार रंगरावांच्या गळ्यात. उपासनेला जागा नव्हती. दहा बाय दहाच्या खोलीत बसून पाहिले, तेव्हा निम्मी माणसे दाराबाहेर उभी राहिली आणि पुढच्या रविवारी आलीच नाहीत. शेवटी मुकादम अर्जुनरावांनी मेहेरबानी केली आणि एका कंत्राटदाराची सिमेंटची शेड रविवारी सात ते नऊ वापरायला दिली. अट एकच होती. आसपासच्या गावांतले माणूस आत ओढायचे नाही. वर्तमानपत्रांतून धर्मांतरावर उलटसुलट छापून येत होते आणि गावकऱ्यांनी बोंब मारली असती, तर अर्जुनरावांनी तासाभरात किल्ली परत घेतली असती. शेड गेली की मंडळी पांगली, हे रंगरावांना लख्ख दिसत होते.

"गावानं पाठवलीय तिला," त्या दिवशी परातीत पीठ मळता मळता ते म्हणाले.

बाजेवरून त्यांच्या बायकोने, शालनबाईंनी, मान वळवली. दीड वर्षापूर्वी पाय घसरून पडल्यापासून त्यांची कंबर कामातून गेली होती. तेव्हापासून पाणी भरणे, त्यांचे अंग पुसणे, भाकऱ्या थापणे हे सगळे रंगरावच करत. मग दिवसभर विटांवर विटा, आठवड्यातून तीनदा ओव्हरटाइम.

"कशाला पाठवतील?"

"बघायला. आपण काय बोलतो, कुणाला फूस लावतो."

"मग ऐकू द्या की. पावसापाण्याचं आणि सरकारचं तर बोलता तुम्ही." शालनबाई हसल्या, पण ते हसणे फार टिकले नाही. "त्यात तिला काय सापडणार? घरच्या प्रार्थनेत मलाच हल्ली काही सापडत नाही."

रंगरावांनी भाकरी तव्यावर टाकली. बोलणे झोंबले, कारण ते खरे होते. एस.टी.चा कंडक्टर गावांची नावे पुकारतो तशी ते रविवारी देवाची वचने पुकारत. शांती, आशा, विसावा. लोक आपापल्या गावाला उतरत असतीलही, पण कंडक्टर काही कुठे उतरत नव्हता.

गुरुवारी अर्जुनराव स्वतः कामावर आले. रंगरावांना त्यांनी बांबूच्या परांचीपलीकडे, बाजूला घेतले.

"रंगराव, भोसरीचा दत्तोबा भेटला होता. त्याची विधवा भावजय, गोजाबाई. दुधाचा रतीब घालायला इकडं येते. रविवारी दोन तास उशिरा घरी जाते. तुमच्यात बसते म्हणे."

"मी तिला बोलावलं नाही."

"बोलावलं नसेल. पण घालवलं पण नाही. माझ्या पोटावर पाय यायला नको, एवढं बघा."

रंगरावांनी तिथल्या तिथे ठरवून टाकले. रविवारी तिला स्पष्ट सांगायचे, की बाई, तुमच्यामुळे आमचा आसरा जाईल, पुन्हा येऊ नका. ही बाई गोत्यात आणणार हा अंदाज खरा ठरल्याचे थोडे समाधानही त्यांना वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

सहाव्या रविवारी त्यांनी गायने आणि प्रार्थना मंडळीतल्या भिमाजीवर सोपवली आणि स्वतः मागे जाऊन पोत्यांपाशी बसले. बाई मान खाली घालून होती. त्यांनी हलकेच खाकरून पाहिले. ती हलली नाही. हातावर माशी बसली होती, ती उडवायलाही बोट उचलले नाही. रंगराव वाकले आणि पदराखाली त्यांना अर्धवट उघडे तोंड दिसले. गोजाबाई गाढ झोपली होती.

पाच रविवार! पाच रविवार ते जिला गावची हेर समजून धास्तावले होते, ती बाई झोपा काढत होती. रंगरावांना आधी हसू आले आणि मग रागच आला. देवाचे घर म्हणजे काय धर्मशाळा? तिच्या टाचांच्या भेगांत शेण वाळलेले होते. राग पुरता बाहेर पडायच्या आत त्यांची नजर तिथे गेली आणि ते तिथेच बसून राहिले.

मंडळीच्या आमेनने ती दचकून जागी झाली आणि बाहेर पडली, तसे ते मागोमाग गेले. बाभळीपाशी त्यांनी तिला थांबवले.

"बाई, तुम्ही इथं झोपायला येता?"

गोजाबाईने चरवी छातीशी धरली. "चुकलं का, पाद्रीबाबा?"

"मी पाद्री नाही. गवंडी आहे. इथं यायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तुमीच की."

"मी?"

"व्हय. रतीब घालून ह्या वाटंनं चालले हुते. आतनं तुमी मोठ्यांदा वाचत हुतात. जी कोन मानसं दमल्यात, वझ्यानं वाकल्यात, त्यांनी माज्याकडं यावं, इसावा मिळंल म्हनून. कुनी यायचं आन कुनी न्हाई, असं काय तुमी म्हनला न्हाईत." तिने चरवी कमरेवर घेतली. "मी म्हनलं, बगावं तरी. खोटं असलं तर जाऊ निगून."

रंगरावांनी तिच्याकडे निरखून पाहिले. ही भोळी होती की फार हुशार, हे त्यांना ठरवता येईना.

"मग? मिळाला विसावा?"

"मिळाला की! मालक जाऊन तीन वर्सं झाली. घरात जरा कुटं टेकलं, की हाक येती. सासू हाय अंथरुनाला, दिराची पोरं हायती, म्हसरं हायती. हितं कुनी हाक मारत न्हाई. तुमचं गानं चालतंय, मी निजते. तेवढ्यावर आटवडा निगतो बगा." मग अगदी सरळपणे ती म्हणाली, "तुमाला तर लई मिळत आसंल. तुमी रोज वाचता."

पाठ केलेले वाक्य रंगरावांच्या तोंडात तयार होते, ते बाहेर येईना.

"येऊ नगं का?"

"या," ते म्हणाले, आणि म्हटल्याक्षणी पस्तावले.

संशयी माणसाचा संशय एका दिवसात थोडाच जातो? मंगळवारी त्यांनी ती जिथे रतीब घाली त्या कॉलनीतल्या चार घरी चौकशी केली. गोजाबाईचे दूध दोन वर्षे येत होते, पाणी घातलेले नव्हते, तिचा नवराही खरोखरच वारला होता. सगळे खरे निघाले तरी रंगरावांना चैन पडेना. शेडचा जीव टांगणीला लागला होता आणि तो त्यांनी एका शब्दाने लावला होता. शालनबाईंना त्यांनी यातले काही सांगितले नाही.

सातव्या रविवारी प्रार्थना आजाऱ्यांपर्यंत आली आणि बाजूचे पत्र्याचे दार करकरले. अर्जुनराव आत डोकावले. त्यांच्या मागे मुंडासे बांधलेला एक रुंद माणूस होता. मंडळीतल्या कुणी मान वर केली नाही. बोलणे थांबवून रंगराव दाराशी गेले.

"आमची भावजय कुटं हाय?" दत्तोबा म्हणाला.

"हळू बोला. प्रार्थना चाललीय."

"काय करताय तुमी तिला? मंतर घालताय? तिला हितं भायेर काडा."

अर्जुनरावांनी रंगरावांच्या दंडाला धरले. ते कुजबुजले, पण दत्तोबाला ऐकू जाईल असेच. "रंगराव, साधी गोष्ट आहे. तिला उठवा आणि याच्यासमोर सांगा, की पुन्हा इकडं फिरकायचं नाही. एवढं करा, शेड तुमची. मी जातो."

गोष्ट खरेच साधी होती. खांद्याला हात लावायचा, दोन शब्द बोलायचे. रंगरावांनी मागे वळून पाहिले. अकरा कुटुंबांच्या माना खाली होत्या. पोत्यांपाशी गोजाबाईची मान एका खांद्यावर कलंडली होती. विसावा मिळेल असे त्यांनीच मोठ्यांदा वाचले होते आणि या एवढ्या माळावर एकाच माणसाने त्यांचा शब्द धरला होता. तिलाच हलवून उठवायचे?

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि अर्जुनरावांच्या तळहातावर ठेवली.

"उपासना झाली की शेड रिकामी करून देतो. पण तिला उठवणार नाही. झोपलीय ती."

"झोपलीय?" दत्तोबाने रंगरावांना बाजूला सारले आणि आत एक पाऊल टाकले.

तो तिथेच थबकला. त्याने नीट पाहिले, मग पुन्हा पाहिले, जणू काही भलत्याच बाईकडे आपल्याला आणले असावे.

"ही अशी निजती?" तो कुणालाच उद्देशून नाही असे म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "तीन वर्सांत घरात हिला निजल्याली मी बगितली न्हाई."

अर्जुनराव किल्ली हातात धरून उभे होते. ती खिशात टाकावी की परत द्यावी, हे त्यांना सुचत नव्हते. दत्तोबाने पायातल्या वहाणा काढल्या, दाराबाहेर ठेवल्या आणि उंबऱ्याशी उकिडवा बसला.

"किती येळ हाय आजून?" त्याने विचारले.

"थोडा आहे," रंगराव म्हणाले.

ते पुढे जाऊन उभे राहिले. कुठवर आलो होतो ते आठवून त्यांनी आजाऱ्यांसाठी मागितले, प्रवाशांसाठी मागितले आणि यादी संपली. आता आमेन. मंडळीचा आमेन नेहमी एकदम, मोठ्याने यायचा आणि पत्र्याला दणका बसायचा. गायनात गोजाबाईला खुशाल झोप लागे, पण त्या आमेनने ती दर रविवारी दचकून उठत असे.

म्हणून रंगराव बोलत राहिले.

यादीत नव्हते ते बोलू लागले. शालनच्या कंबरेचे बोलले. पहाटे उठवत नाही हे बोलले. चुलीपुढे बसून तिचा राग राग केला, तो दिवस सांगितला. पेटी नेणाऱ्या माणसाला अजून क्षमा केलेली नाही, हे सांगितले. मी दमलोय प्रभू, आणि तू ऐकतोस की नाही याचाही मला हल्ली संशय येतो, असे ते सर्वांदेखत म्हणाले. कुणाची तरी मान वर झाली आणि पुन्हा खाली गेली. पुढच्या रांगेत भिमाजीने नाक ओढले. रंगरावांचा आवाज चढला नाही, फाटलाही नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांची जीभ आपली आपण चालत नव्हती, ते स्वतः देवाशी बोलत होते.

नऊ वाजून गेले असावेत. अर्जुनरावांनी काही म्हटले नाही.

आमेन दोनदा रंगरावांच्या ओठांवर आला. दोन्ही वेळा त्यांनी तो मागे घेतला, आवाज आणखी खाली आणला आणि उंबऱ्याशी बसलेल्या दत्तोबासाठी मागायला सुरुवात केली.