पावणीबाई

उसाच्या ट्रॅक्टरवरून सयाजी डोक्यावर आपटला, तेव्हा त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, जोतिबाकडं एवढंच मागितलं होतं : नवरा जिता घरी येऊ दे. देवानं शब्द पाळला. देवाकडं मागतानाही सगळं फोड करून सांगावं लागतं, हे त्या भोळीला कुठं ठाऊक!

सयाजी शुक्रवार पेठेतल्या घरी आला आणि बायकोकडं बघून म्हणाला, "बसा पावणं. दिसताय अगदी आमच्या शालीसारख्या. ती कुटं गेली?" बाकी सगळं शाबूत होतं. म्हशीचं नाव, शेजाऱ्याशी जुनं भांडण, काही विसरला नव्हता. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, बाहेरचं झालंय. देवऋषी झाला, उतारा झाला, गुण काही येईना.

शेवटी कुणीतरी डॉ. शरयू गद्रेंचं नाव सांगितलं. मेंदू आणि भावना यांवर बाईंचं संशोधन होतं. त्यांनी मनातली खळबळ टिपणाऱ्या यंत्राच्या तारा सयाजीच्या बोटांना लावून एकेक फोटो दाखवला. शालूबाईचा फोटो आला, तरी यंत्राचा काटा ढिम्म.

"आता पडद्यामागून बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अवं, जेवला का?"

काटा थरथरला. सयाजी ताडकन उठला. "शाले! कुटं हुतीस गं?"

ती धावत पडद्याबाहेर आली. त्यानं मान फिरवली. "तुमी न्हवं, पावणं."

सयाजीला बाहेर बसवून डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "चेहरा दिसतो त्यांना. पण बघून माया उसळत नाही. म्हणून मेंदू म्हणतो, ही आपली नव्हेच. कानाची वाट तेवढी चालू आहे."

"डोळ्याची कवा हुईल?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही."

खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शालूबाईला वाटलं.

घरी येताच सयाजीनं बाहेरच्या सोप्यातून स्वयंपाकघराकडं हाक दिली, "शाले, पावणीबाई आल्यात. च्या टाक की!" शालूबाई त्याच्या समोरच उभी होती. ती आत गेली.

"व्हय, ठिवलाय की," ती आतून म्हणाली.

सयाजी खुलला. म्हशीचं, मागच्या जत्रेचं काय काय बोलत राहिला. उभ्या संसारात एवढं गोड बोलला नव्हता मेला! दाराआड बसून ती ऐकत होती. चुलीवर चहा आटत होता. मग त्यानं आवाज उतरवला.

"शाले, ती बाई लई रडवेली दिसती गं. कुणाचं तरी घर मोडलंय बग. गेली का?"

शालूबाईनं पदर तोंडाशी दाबला. रडण्यानं आवाज बदलला, तर ही वाटही बंद व्हायची. तिनं घसा नीट केला.

"गेली," ती म्हणाली. "तुमी बोला."