पूजेआधीचं गवत

मित्रांनो, मी विळा. जुना झालोय, पण राग अजून नवा आहे, तेव्हा सरळ बसून ऐका.

शेजारच्या हजीरा वस्तीतल्या दौलतसिंह लोहाराने मला घडवलं. अनसूयाबाईंच्या हाती देताना तो म्हणाला, "बाईसाब, इसे बैठाए मत रखना, जंग खा जाएगा." पण मला बसवूनच ठेवलं! त्यांचे यजमान महिपतराव, लष्कर शहरात राहणारे, शिंदेशाहीच्या घोडदळातले. घोड्यावरून उतरले, तोऱ्यावरून नाही. घरची रीत अशी, की खंडेनवमीला तलवारीशेजारी माझी पूजा व्हायची आणि त्याआधी मला कुरणाच्या गवताला लावायचं नाही.

भादव्यात गवत फुलोऱ्यावर यायचं, कोवळं, रसाचं. मी खुंटीवर. नवमी येईतो बी झडायचं, पानं वाळायची, उरायच्या नुसत्या काड्या. मग मला हळदकुंकू! त्या कुंकवाची मला लाज वाटायची.

एका भादव्यात शेतकी खात्यातले भाचे दिनकरराव आले. "मामासाहेब, पाऊस उघडला की फुलोऱ्यातच कापा. उलटंपालटं करून खडखडीत वाळवा, मग गंजी रचा. एक पट्टा तेवढा बियाला राखा."

महिपतराव हसले. "चार बुकं वाचून आम्हाला गवत शिकवता? विळ्याची पूजा व्हायचीय अजून."

पूजा झाली, कापणी झाली. थंडीत चंद्री गाय व्यायली. काड्या चघळून तिच्या फासळ्या वर आल्या, आचळाला दूध उतरेना. माघात वासरू गेलं. अनसूयाबाईंनी त्याच्यावर आपलं जुनं लुगडं घातलं.

पुढच्या भादव्यात चंद्री पुन्हा गाभण होती. बाईंनी मला खुंटीवरून ओढलं.

"अगं, पूजा राहिलीय!"

"वासरू पुरलं तेव्हा कुठला मुहूर्त पाहिलात?"

"मराठ्याची बाई विळा घेऊन कुरणात? सगळं लष्कर हसेल."

"हसू दे. लष्कर घालतं का माझ्या गाईला चारा?"

पदर खोचून त्या निघाल्या. मी गंजलेला, गवत कापण्याऐवजी ओरबाडत होतो. बाईंचा तळवा सोलला. बांधावरच्या दगडावर त्यांनी मला घासलं आणि पुन्हा वाकल्या. तिसऱ्या दिवशी महिपतराव आले. वाकून गवत उलटू लागले. "चुकलो" म्हणायला अशा माणसांना गळाच नसतो.

त्या थंडीत चंद्रीने हिरवट, गोड वासाचं गवत खाल्लं. नवी कालवड पोटभर पिऊन तोंडाला फेस घेऊन नाचली. महिपतरावांनी तिचं नाव ठेवलं, गल्लीभर गूळ वाटला.

मित्रांनो, हत्यार पुजलं म्हणजे काम झालं नाही. गवत फुललं की कापा, वाळवा, मग खुशाल हळद लावा मला. कौतुकाने सगळे त्या कालवडीला हाका मारतात. आधीच्या वासराचं नाव ठेवायचंही कुणाला सुचलं नव्हतं.