चित्रातली मधली जागा

मराठी मंडळाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठाची कल्पना माझी. आमच्या मंडळात कल्पना नेहमी माझ्याच असतात. सतरंज्या दुसरे घालतात.

ॲमस्टरडॅमच्या सहलीत एक जुनं चित्र पाहिलं होतं. कापड व्यापाऱ्यांच्या संघाचे पुढारी टेबलाभोवती बसलेत, काळे कपडे, डोक्यावर रुंद टोप्या, आणि आपल्यावाचून जगाचं अडलंय असा चेहरा. म्हटलं, ही तर आपलीच कार्यकारिणी. इथे परदेशात आम्ही राहतो त्या ब्लँचर्डस्टाउनच्या हॉलमध्ये अगदी तसाच फोटो काढू.

मी उपाध्यक्ष. गणपतीनंतरच्या सभेत अध्यक्षपदाला उभा राहणार होतो आणि ते पद मला हवं होतं, जत्रेतल्या पोराला फुगा हवा असतो तसं. म्हणून चित्रात बरोबर मधोमध उभा असलेला माणूस मी स्वतःसाठी राखून ठेवला. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती, हे तर फारच सोयीचं. गेल्या सुट्टीत पुण्याला जाऊन केस लावून घेतले होते, ते टोपीखाली कशाला दडवायचे? कोणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, मान दिला. बाकीच्यांना खुर्च्या मिळाल्या होत्या, एवढंच.

मुखपृष्ठाचा नमुना घरी आला. लेक सानिका शाळेत चित्रकला शिकते. तिने फोनवर मूळ चित्र शोधलं आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, युवर मॅन इन द मिडल? ही'ज द सर्व्हंट. दॅट्स व्हाय नो हॅट."

टोपी पुढाऱ्यांची, उघडं डोकं नोकराचं, अशी तिथली तेव्हाची रीत.

मी तडक केदारला फोन लावला. मुखपृष्ठ तो करत होता. कम्प्युटरवर माझ्या डोक्यावर एक टोपी चढव, म्हटलं. तो म्हणाला चढवतो की, पण केस झाकले जातील, चालेल ना? मी विचार करायला वेळ मागितला. तेवढ्यात छपाई उरकली.

जेवताना मी बायकोपुढे रडगाणं लावलं, की आता सगळे मला मंडळाचा नोकर म्हणणार. पद्मिनी आमटी वाढत होती.

"तुला नोकर कोण म्हणेल, गिरीश? नोकर काम करतो."

मी हसलो आणि आमटीसाठी वाटी पुढे केली.

सभेत अध्यक्षपदासाठी दोनच नावं होती, माझं आणि मुक्ताचं. मुक्ता डॉक्टर. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून यायची आणि मखर रंगवायला बसायची. तिच्या नावाला हॉलभर हात वर झाले. मग मावळते अध्यक्ष शिरीष यांनी माझं नाव पुकारलं. एकच हात वर झाला, पद्मिनीचा. कोणाकडेही न बघता, कोपर ताठ धरून ती बसली होती. मला तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की माझा हात काही मला उचलवला नाही.