चार भाषांची चिमी

चिमी तिसऱ्या वर्षात शिरली तरी तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. हसायची, रडायची, हवं त्याकडे बोट दाखवून 'अं अं' करायची, बस्स. तिची आई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. गिऱ्हाइकाचं तेवढ्याच वयाचं मूल घडाघडा बोलताना ऐकलं की तिच्या हातून काम व्हायचं नाही.

घरात भाषांना तोटा नव्हता. आई मराठी, बाबा तमिळ. दोघांचं प्रेम जमलं हिंदीत, भांडणंही हिंदीतच. बाबांच्या आईला, म्हणजे अम्माला, तमिळखेरीज फारसं काही येत नव्हतं. आणि आईबाबा कामावर गेले की अम्माच्या मदतीला वरच्या मजल्यावरची बंगाली मावशी यायची, तिला सगळे बंगालीतच 'माशी' म्हणायचे.

"पोरगी गांगरून गेलीये!" आईची आत्या म्हणाली. आत्या निवृत्त शिक्षिका. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "एक ना धड, भाराभर चिंध्या. आजपासून घरात फक्त मराठी."

बाबांना पटलं नव्हतं, पण काळजीपोटी माणूस काहीही करतो. "चिमी, तू दूध पिणार आहे का?" असं ते अडखळत विचारू लागले. माशी नुसत्या खुणा करायला लागली. अम्मा मात्र गप्पच झाली. दिवसभर नातीशी बोलत असणारी बाई खिडकीशी बसून राहायची.

एका दुपारी आई लवकर घरी आली. चिमी अम्माच्या मांडीवर उभी होती. इवल्या बोटांनी अम्माचे ओठ धरून ते उघडायला बघत होती. अम्मा मान हलवत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

दुसऱ्याच दिवशी सगळं घर, माशीसकट, वाचा-उपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलं.

बाईंनी आधी चिमीचे कान तपासले. ते ठणठणीत होते. मग टेबलावर कंगवा, बूट, चमचा आणि चेंडू मांडले. अम्माकडे वळून म्हणाल्या, "आजी, तुमच्या भाषेत मागा यातलं काहीतरी." बाबांनी तमिळमध्ये सांगितलं. अम्माने चोरट्या नजरेने सुनेकडे पाहिलं. सुनेने मान डोलावली.

"सीप्पु," अम्मा पुटपुटली.

चिमीने कंगवा उचलून तिच्या हातात ठेवला. माशीने 'जुतो' मागितला, तिला बूट मिळाला. बाबांनी हिंदीत 'चम्मच' मागितला, तोही मिळाला. मग आईची पाळी आली. सगळ्यांचं कळतं आणि आपलंच कळलं नाही तर?

"चेंडू दे गं, बाळा."

चेंडू थेट तिच्या नाकावर आला.

बाई हसल्या. "समज उत्तम आहे हिची. बोलायला थोडा उशीर होतोय, त्यावर आपण काम करू. दर आठवड्याला आणा. पण भाषा एकही बंद करू नका."

"म्हणजे आमच्यामुळे नाही ना झालं हे?" आईने विचारलं.

"मुळीच नाही."

बाहेर आल्यावर आई बाकावर बसली. छातीवरचा धोंडा उतरला होता. शेजारी अम्मा नातीला काहीतरी सांगत सुटली होती, थांबायचं नाव नाही.

दोनेक महिन्यांनी आत्या आली. चिमी जमिनीवर ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. आत्याने मनोरा सरळ करायला हात घातला आणि तो कोसळला.

"पो!" चिमी कडाडली.

तिचा पहिलावहिला शब्द, तोही तमिळ. अम्माने पटकन तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

"काय म्हणाली?" आत्याने विचारलं.

बाबा घाम पुसत म्हणाले, "ती म्हणते... आत्या, बसा."

आत्या खरंच बसली. हिला कळलेलं दिसत नाही, हे चिमीच्या ध्यानात आलं. ती आत्यासमोर जाऊन उभी राहिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "जा!"

माशी तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाली. आई हसायला लागली ती थांबेचना, हसता हसता रडायलाच लागली. आत्याने चष्मा काढून पुसला.

"उच्चार चांगला आहे हो पोरीचा," ती म्हणाली. आणि गेली नाही; जेवूनच गेली.