गास्पार कुणाच्या पोटात

आमायाने बेकरीत जाऊन स्पष्ट सांगितलं होतं: आमच्या रोस्कॉनमध्ये राजा नको, घरात सव्वादोन वर्षांचं मूल आहे. तिची पाठ वळताच तिची आई एर्मिनिया तिथे गेली आणि बेकरीवाल्याला म्हणाली, "फाकुंदो, तिचं काही ऐकू नकोस. राजा नसेल तर साधा पावच खाऊ की मग."

त्यामुळे सहा जानेवारीच्या सकाळी, बाळ येशूला भेटायला गेलेल्या तीन राजांच्या सणाला, त्या राजांनी रात्रीतून आणलेल्या भेटींचे कागद घरभर उडत होते, आणि टेबलावर आलेल्या रोस्कॉनमध्ये, म्हणजे साखर माखलेल्या गोल कड्यासारख्या गोड पावात, कुठेतरी करंगळीच्या पेराएवढा चिनीमातीचा राजा होता, आणि एक वालाचा दाणा. राजा निघेल त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. वाल निघेल त्याने रोस्कॉनचे पैसे भरायचे. स्पेनमधल्या लोग्रोन्योतल्या घराघरांत त्या वेळी हेच चाललं होतं. आमायाच्या डोळ्यांपुढे मात्र एकच गोष्ट होती, तिच्या लेकाच्या, तेल्मोच्या, घशाचा व्यास. तो तिने इंटरनेटवर शोधूनही ठेवला होता.

टेबलाशी तिचा नवरा कर्टिस होता, भाऊ फर्मीन होता आणि आयोवाहून आलेले सासरे वेंडेल होते. वेंडेलनी एकतीस वर्षं धान्याच्या लाह्या बनवणाऱ्या कारखान्यात तक्रारींना उत्तरं देण्याचं काम केलं होतं. डब्यात खिळा सापडला, बटण सापडलं, एकदा तर कुणाचं कानातलं. त्यांच्या घरी नाताळ पंचवीस तारखेला संपे आणि सव्वीसला झाड कचऱ्याच्या गाडीची वाट बघत फुटपाथवर उभं असे. इथे ते एकोणतीसला पोचले तेव्हा सण अजून अर्धाही झाला नव्हता. एकतीसला घड्याळाच्या बारा ठोक्यांवर सगळ्यांनी गाल फुगवून बारा द्राक्षं कोंबली. काल संध्याकाळी रस्त्यावरून राजांची मिरवणूक गेली आणि त्यांच्या उंटांसाठी गॅलरीत तीन बादल्या पाणी ठेवलं गेलं. सुरुवातीला वेंडेल विचारत. प्रत्येक वेळी कर्टिस म्हणे, "इथे असंच असतं, डॅड." मग त्यांनी विचारणंच सोडून दिलं.

आमाया तेल्मोचा तुकडा बोटांनी चुरून, चाळल्यासारखा तपासून त्याला भरवत होती. पण तेल्मो या मांडीवरून त्या मांडीवर जाऊन सगळ्यांच्या ताटल्यांतलं खात होता.

"व्याहीबुवा, अजून घ्या," एर्मिनिया म्हणाली आणि वेंडेलच्या ताटलीत दुसरा तुकडा पडलासुद्धा. तिसरा मात्र त्यांनी दोन्ही हात पुढे करून थोपवला. मग ती फर्मीनकडे वळली. "परवापासून नाताळच्या देखाव्यातली ती इवलीशी कोंबडी दिसत नाही. तूच टेबल हलवलं होतंस."

"मी काय कोंबडीचोर आहे, आई? तीही प्लॅस्टिकची?"

रोस्कॉन संपलं. ताटात साखर उरली. राजा नव्हता आणि वालही नव्हता.

सगळे हळूहळू तेल्मोकडे बघायला लागले.

एर्मिनियाने फाकुंदोला फोन लावला. "स्वतःच्या हाताने घातलाय," तो दुखावून म्हणाला. "गास्पार. तिघा राजांतला हिरव्या झग्यातला."

आमाया गुडघ्यांवर बसली. "तेल्मो, तू राजा खाल्लास?"

"हो," तेल्मो म्हणाला.

तिने मोबाइल ओढला.

"थांब गं ताई, हा सगळ्याला हो म्हणतो," फर्मीन म्हणाला. "तेल्मो, बस खाल्लीस?"

"हो."

"फर्मीनमामा खाल्लास?"

"हो."

"आजीची कोंबडी?"

"हो."

"बघ. आता काय बोलायचं?"

आमायाने दवाखान्याच्या मदतक्रमांकावर फोन केला. पलीकडच्या नर्सने श्वास, खोकला, लाळ सगळं विचारून घेतलं आणि जांभई दिली. "सकाळपासून तुम्ही चौथ्या. तो खेळतोय ना? मग वाट बघा. आलं की कळेलच."

कर्टिसला शेजाऱ्यांकडे पोट साफ करणारे सुके आलुबुखार मागायला पिटाळलं. तेल्मोला पॉटीवर बसवलं, आणि तो उठू नये म्हणून त्याच्या डोक्यावर तो पुठ्ठ्याचा मुकुट ठेवला. एर्मिनियाने त्याच्या भेटी एकेक करून पायाशी मांडल्या. फर्मीनने त्यातलं ढोलकं वाजवलं. आमाया श्वास रोखून उकिडवी बसली होती.

"राजाची इतकी वाट तर कालच्या मिरवणुकीतही कुणी पाहिली नव्हती," फर्मीन म्हणाला.

"तोंड बंद ठेव," आमाया म्हणाली.

वेंडेल दारात उभे राहून हे सगळं बघत होते. मुकुट, भेटी, ढोलकं, पॉटी. काहीच न विचारता त्यांनी खुर्ची ओढून घेतली, अर्धगोलात बसले आणि ढोलक्याच्या तालावर अदबीने टाळ्या वाजवू लागले.

पाऊण तास गेला. टाळ्या वाजवून हात दुखले तेव्हा ते आमायाकडे झुकले. "याला दर वर्षी इतका वेळ लागतो का?"

आमायाचा बांध फुटला. "वेंडेल, हा सण नाहीये. त्याने राजा गिळलाय. रोस्कॉनमधला. चिनीमातीचा, एवढासा."

वेंडेल कानांपर्यंत लाल झाले. त्यांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढून मांडीवर उलगडला. आत हिरव्या झग्यातला गास्पार होता. शेजारी वालाचा दाणा.

"पहिल्या तुकड्यात दाणा निघाला, मी काही बोललो नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "दुसऱ्यात हा. तुमच्या आईंनी इतक्या प्रेमाने मागवलेलं. म्हटलं, सणासुदीला बिचाऱ्या बेकरीवाल्याचं दुकान कशाला बंद पाडायचं?"

आमायाने ते स्पॅनिशमध्ये सांगितल्यावर एर्मिनिया हसता हसता भिंतीला टेकली. फर्मीनने तेल्मोच्या डोक्यावरचा मुकुट काढून वेंडेलना घातला. "दोन्ही याच माणसाला. राजाही हाच आणि बिल भरणाराही हाच." आमाया तिथेच फरशीवर बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला.

कर्टिस आलुबुखारांची पिशवी घेऊन दारात उभा होता. "म्हणजे हे आता नकोत?"

त्याच क्षणी पॉटीतून टक्क असा आवाज आला.

"झालं," तेल्मो म्हणाला.

ढोलकं थांबलं. खरं तर आता बघायची काहीच गरज नव्हती, पण आमाया ती आमायाच. तिने वाकून पाहिलं.

"आई," ती वर न बघताच म्हणाली, "फर्मीनची माफी माग. तुझी कोंबडी सापडली."

वेंडेलनी कुणाला काही न विचारता रुमाल झटकला आणि पुढे केला.