वेचलेले वावर

पुष्पांजलीची गाडी मंगळावर जाणार नव्हती. परंतु तिच्यासारखी एखादी गाडी कधीकाळी तिथे जावी, म्हणून ती नमुन्यादाखल घडवलेली होती. खांद्याइतका उंच, पिंजऱ्यासारखा गोळा, आत कापडी शिडे आणि मध्यभागी यंत्रांची पेटी. इंधन नाही, चालक नाही. वाऱ्याच्या जोरावर दगडधोंडे ओलांडत लोळत जायचे. पुण्याचे परीक्षक डोणगावात येऊन तिची धाव पाहणार होते. लडाखच्या चाचणीसाठी निवड त्यावरच ठरायची होती.

"आजी, वरचं गोटाळ वावर हाये तसंच राहू दे," असे तिने फोनवर बजावले होते. पोरीला आपल्याला तोशीस द्यायची नाही, असा अर्थ जनकाबाईंनी घेतला.

"पाव्हणे येऊन राह्यले अन् वावरात गोटे? लोक थुंकतीन आपल्यावर!" त्यांनी बाया लावल्या.

"माय, लगन हाये का इथं कोनाचं?" कलाबाईने विचारले.

"लगनापरीस मोठं हाये. तोंड कमी, हात जास्त चालव."

गोटे ट्रॉलीतून नाल्यात गेले. वखर फिरला, सडा पडला. वावराचे खळे झाले.

पुष्पांजली थेट परीक्षकांसोबतच पोहोचली आणि बांधावरच थबकली. तरी तिने गाडी सोडली. गाडी सुसाट पलीकडच्या बांधापर्यंत गेली. बायांनी टाळ्या पिटल्या. परीक्षक मात्र खाली वाकून मातीवर हात फिरवीत होते.

"पाठवलेल्या फोटोत इथं दगड होते ना? सपाटीवर चेंडूही लोळतो. गाडी दगड ओलांडते, हे मी कशावरून लिहू?"

शेजारच्या वावरांत भुईमूग उभा होता, तिथे गाडी सोडता येत नव्हती. परीक्षकांना सायंकाळी जालन्यात दुसरी गाडी पाहायची होती.

"साहेब, गोटे म्या वेचवले. पोरीचा दोष नाही."

"दोष कुणाचाच नाही, आजीबाई," असे म्हणून ते निघाले. जाताना जनकाबाईंनी घातलेल्या जेवणाची मात्र त्यांनी तोंडभरून स्तुती केली.

पुष्पांजली खाली मान घालून शिडे सोडवू लागली.

"काऊन बोलत नाहीस? बोल मले," जनकाबाई म्हणाल्या.

"काय बोलू, आजी? वावर मस्त झालं. यंदा सोयाबीन चांगलं येईन."

"रागाव म्हनते ना!"

तिने घडी केलेले शीड त्यांच्या हाती दिले. "हे धरून ठेव. ते उडून जाईन."

जनकाबाईंनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरले. वारा ते हिसकावून नेऊ पाहत होता, आणि त्यांना ते दाबून ठेवणे जड जात होते.